दादाचा हात पाच

१

आमच्या कामात डोळा एकाचा आणि हात दुसऱ्याचा. दादा पाण्यात उतरतो, प्रवाळाला रंगपट्टी लावतो आणि आकडा ओरडून सांगतो. मी होडीत बसून तो वहीत लिहिते. पाहणाऱ्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने पाहायचं नाही, हा आमच्या प्रवाळ केंद्राचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. कटकटीचा आहे, पण बरोबर आहे. एकच माणूस दोन्ही कामं करायला लागला की कालचा आकडा आजच्या डोळ्यात शिरतो. सत्तावीस वर्षं आम्ही भाऊबहीण हेच करतोय. तो बासष्टचा, मी चोपन्नची, आणि राहायलाही केंद्राच्याच वरच्या मजल्यावर. इतक्या वर्षांत त्याने मला एकही खोटा आकडा दिलेला नाही. पाहणीला वरिष्ठ येणार असले तरी नाही. मी कधीकधी चिडायचे त्याच्यावर.

रंगपट्टी म्हणजे तळहाताएवढं प्लास्टिकचं कार्ड. त्यावर सहा चौकोन, एक म्हणजे पांढरा, सहा म्हणजे गडद तपकिरी. प्रवाळ हा प्राणी आहे, दगड नाही, हे शाळेच्या सहलींना मी इतक्यांदा सांगितलंय की भूल देऊन झोपवलं तरी सांगेन. त्याला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. त्याच्या अंगात बारीक शैवाळ बिऱ्हाड करून राहतं. रंग त्या शैवाळाचा, आणि प्रवाळाचं बरंचसं जेवणही तेच रांधतं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की दोघांचं फाटतं आणि प्रवाळ त्याला घराबाहेर काढतं. तोंडातून तपकिरी धागे निघताना दिसतात. मग उरतो तो पांढरा. मेलं का हो बाई ते, असं पोरं विचारतात. मी सांगते, पांढरं म्हणजे मेलेलं नाही. पांढरं म्हणजे उपाशी. पाणी वेळेत निवलं तर शैवाळ परत येतं, आणि नाही निवलं तर मात्र प्रवाळ उपासमारीने मरतं.

आता कार्डाचं. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने कार्ड विटतं, आणि विटलेलं कार्ड खोटं बोलतं. ते ओळखायची आमची घरगुती युक्ती होती. समुद्रावर राबून दादाचा हात इतका रापलेला, की उन्हाळा असो, हिवाळा असो, त्याचं मनगट बरोबर पाचव्या चौकोनासारखं दिसायचं. होडी सोडण्याआधी मी कार्ड त्याच्या मनगटावर धरायचे. पाच जुळला तर कार्ड चांगलं, नाही जुळला तर कचऱ्यात. दादाचा हात पाच, हे आमच्याकडे घड्याळासारखं होतं.

२

आमचा समुद्र तसा थंडाव्याचा. प्रवाळाला जगता येईल अशा पाण्याची ही शेवटची हद्द, याच्यापुढे त्याला थंडी सोसत नाही. भर उन्हाळ्यात पाणी सत्तावीस अंशांवर जातं आणि उतरतं. यंदा ते अठ्ठावीसवर गेलं, एकोणतीसवर गेलं, आणि तिथेच बसलं. याला उष्णतेची लाट म्हणतात, पण लाट कसली, पाणी ताटासारखं सपाट. वारा पडलेला, ढगाचा मागमूस नाही. बाहेरून आलेले लोक म्हणायचे, काय सुंदर दिसतंय. माझ्या अंगाची आग व्हायची.

कार्यालयात एक जुना स्पीकर आहे, प्रवाळाच्या खडकाजवळ पाण्यात सोडलेल्या माइकला जोडलेला. जिवंत खडक आवाज करतो. बारक्या कोळंब्या नांग्या आपटतात, मासे कुरतडतात, सगळं मिळून तव्यावर काहीतरी तडतडत असावं तसं ऐकू येतं. दिवसभर ते चालू असायचं. पाचव्या आठवड्यात ते पातळ झालं आणि आठव्यात मी दोनदा उठून वायर तपासली. वायर ठीक होती.

पाणी चढायला लागलं तेव्हाच दादाने खडकाच्या बारा ठिकाणांहून बारा तुकडे आणून खालच्या टाक्यांच्या खोलीत ठेवले होते. तिथे पाणी गार करणारा चिलर आहे. बाहेरचं सगळं गेलं, तर या बारांपासून पुन्हा लावायचं, असा विचार. खोलीची किल्ली दादाकडे. रोज दुपारी तो आत जाऊन रंग पाहायचा आणि मी दाराबाहेर स्टुलावर वही घेऊन बसायचे, कारण नियम. तो आतून सांगायचा, सहा, सहा, पाच, सहा. बाहेरचा खडक तेव्हा दोनवर आला होता. त्या बारा आकड्यांवर मी दिवस काढत होते.

त्या आठव्या आठवड्यातच कार्ड जुळेना. दादाच्या मनगटावर धरलं तर चार. मी कार्ड कचऱ्यात टाकलं आणि दुसरं काढलं, तेही चार. "एवढ्यात विटली?" मी म्हणाले. "हल्ली कशातच दम नाही," दादा म्हणाला आणि बाही खाली ओढली. त्याने आधी कधी पूर्ण बाहीचा सदरा घातलेला मला आठवत नव्हता. उन्हामुळे असेल, असं मला वाटलं.

३

मी नवीन कार्डं मागवली. ती आली तेव्हा प्रत्येक कार्ड काळ्या पाकिटात मोहोरबंद होतं. मी पाकीट फोडलं, दादाचा हात ओढला आणि कार्ड धरलं. तीन.

दुसरं पाकीट फोडलं. तीन. तिसरंही फोडलं. टेबलावर तिन्ही कार्डं ओळीने मांडली, एकमेकांशी पडताळली, मग कचऱ्यातली जुनी दोन काढून पुसून शेजारी ठेवली. पाचही कार्डं तंतोतंत सारखी होती. एकही विटलेलं नव्हतं. चांगली कार्डं मी फेकत होते आणि हाताकडे बघत नव्हते. सत्तावीस वर्षांची सवय, दुसरं काय. हात चुकतो हे डोक्यातच येत नाही.

"दादा, तुझा रंग उतरलाय."

"म्हातारा झालो, ठमे. साबणही बदललाय तू."

लहानपणापासून तो मला ठमी म्हणतो. मी हसले नाही. त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली. रक्त उत्तम निघालं. "जेवण कसं आहे?" त्यांनी विचारलं. दादा अलीकडे दुप्पट जेवत होता. भांडी पुसून खायचा. सकाळी उठून बघावं तर डब्यांची झाकणं उघडी. आणि तरी त्याचे सदरे खांद्यावरून लोंबायला लागले होते. "अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी काही होणार नाही हे त्यांनाही कळत असावं, कारण आम्ही उठल्यावर ते कितीतरी वेळ दादाच्या हाताकडेच बघत होते.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा सतरा. घरात दोघांपुरतं क्वचितच असायचं. तो त्याच्या ताटातलं माझ्या ताटात सरकवायचा, "माझं झालंय, तू घे," म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. तेव्हा मला ते खरं वाटायचं. म्हणून आता तो पोटभर जेवतोय आणि वाळतोय, हे बघून मला रडू येत होतं. मला दुसरं कोणी नाही. त्याला काही झालं तर मी काय करणार, हे मी मनातल्या मनात रोज विचारत होते.

४

दहाव्या आठवड्यात बाहेरचा खडक एकवर आला. दादा पाण्यातून एक, एक, एक असं सांगत गेला आणि मी पानभर एक लिहिला. स्पीकर पूर्ण गप्प झाला होता. मी तो बंद केला नाही. बंद केला असता तर बंद केल्यामुळे शांत आहे असं वाटलं असतं, एवढाच काय तो उपयोग.

दुपारी नेहमीसारखी स्टुलावर जाऊन बसले. दादा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. सहा, तो आतून म्हणाला. मी लिहिलं. सहा. लिहिलं. तिसऱ्या आकड्याला माझी पेन्सिल थांबली, कारण मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बंद दारातून, त्या खोलीच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा श्वास.

चिलर घरघरतो. चांगला मोठ्याने घरघरतो. त्या आवाजावर ओरडूनच आकडे सांगावे लागतात, आणि दादा ओरडत नव्हता. बोलल्यासारखा बोलत होता. किती दिवसांपासून, ते मी आठवायला लागले. मागच्या आठवड्यातही नाही. त्याच्या मागच्या? आवाज कधी थांबला ते सांगता येईना. रोजचा आवाज बंद पडला तर तो लगेच लक्षात येतो, असं आपण समजतो. तसं होत नाही.

मी स्वतःची समजूत घातली. मधूनमधून यंत्र विसावा घेतं. तसंच असणार, कारण चिलर बंद असता तर त्या खोलीतलं पाणी बाहेरच्याइतकंच तापलं असतं आणि बाराही तुकडे केव्हाच पांढरे झाले असते. आणि आकडे तर सहा होते. दादाचा आकडा खोटा नसतो. "बारावा?" मी विचारलं. तो म्हणाला, "सहा. आज सगळेच सहा." दमल्यासारखा म्हणाला.

५

दुसऱ्या दिवशी मी दीड वाजता खाली गेले. आकड्यांची वेळ तीनची, पण जेवण होताच तो खाली निघून जायचा, हे मला हल्ली खटकत होतं. दाराला आतून कडी नव्हती. मी नियम मोडून दार ढकललं.

खोलीत उकडत होतं. वरच्या पांढऱ्या दिव्यांच्या उजेडात टाकी पार तळापर्यंत दिसत होती. चिलर कोपऱ्यात मुका उभा होता आणि त्याच्या पंख्याच्या जाळीत कोळ्याने जाळं विणलेलं होतं. चांगलं जुनं, धूळ बसलेलं. दादा टाकीशेजारी स्टुलावर बसला होता. सदरा काढलेला, डावा हात खांद्यापर्यंत पाण्यात. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागलीय.

तुकडे खरंच तपकिरी होते. असा गडद रंग मी खडकावरही कधी पाहिला नव्हता. प्रवाळाची तोंडं दिवसा बहुतेक मिटलेली असतात. ती सगळी उघडी होती, बाराही तुकड्यांवरची हजारो, आणि सगळी एकाच बाजूला वळलेली. दादाच्या हाताकडे. आणि हातातून, बोटांच्या टोकांतून, काहीतरी तपकिरी, धाग्यासारखं, सावकाश पाण्यात उतरत होतं.

मी ते एवढंच पाहिलं. दोन श्वासांपुरतं. मग मी त्याचा दंड धरून ओढला. हात चटकन आला नाही. कोणी बोट धरून ठेवावं तसं जरासं अडलं आणि मग सुटलं. ओला हात माझ्या मांडीवर पडला. त्यावर शीर दिसत नव्हती, रेषा दिसत नव्हती. खिशात कार्ड होतं, ते मी सवयीने काढलं आणि धरलं. पहिल्या चौकोनाची कड कुठे संपते आणि मनगट कुठे सुरू होतं, ते मला कळेना.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चिलर जळला त्या दिवसापासून. पाणी तापत होतं. मी हात घालून नुसतं बघत होतो किती तापलंय ते. दुसऱ्या दिवशी रंग सुधारला होता." तो डोळे न उघडता बोलत होता. "आकडे खरे आहेत, ठमे. एकही खोटा नाही दिला."

"चिलर बंद पडलाय हे सांगायला काय झालं होतं?"

"तू हात घालू दिला नसतास. आणि बोलावला तरी कारागीर महिन्याच्या वायद्यावर. तोवर काय राहिलं असतं? बाहेर एकही नाही उरलं. हे बाराच आहेत."

"आणि मला दादा किती आहेत?"



६

मी त्याला वर नेऊन निजवलं, खोलीला दुसरं कुलूप घातलं आणि वरिष्ठांना फोनवर असं काही सुनावलं की कारागीर तिसऱ्या दिवशी दारात हजर. त्याने जाळी उघडली आणि म्हणाला, "बाई, हा बंद पडून दीड महिना तरी झाला. आणि आतले नग जिवंत कसे?" मी म्हणाले, तुम्ही तुमचं काम करा. त्या तीन दिवसांत बारांतले दोन फिकुटले, बाकीचे टिकले. आठवड्याभराने वाऱ्याने दिशा बदलली, ढग आले, समुद्र उसळला आणि पाणी पंचवीसवर उतरलं. आम्ही ते दहा तुकडे खडकावर नेऊन लावले. म्हणजे मी आणि दुसऱ्या केंद्राचा पाणबुड्या. दादा खाटेवर होता.

पाणी निवलं, पण दादाचा रंग परत आला नाही. मी रोज त्याच्या मनगटावर कार्ड धरायचे आणि वहीच्या मागच्या पानावर एक लिहायचे. पाहणारीही मीच, लिहिणारीही मीच. नियम केव्हाच मोडला होता. घास भरवला तर तो गिळायचा, पाणी प्यायचा, माझ्याकडे बघून ओठ हलवायचा. पण अंगी काही लागत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले आणि जिन्यात मला म्हणाले, "मनाची तयारी ठेवा." पांढरं किती आठवडे तग धरतं ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं.

एका दुपारी काही सुचेना म्हणून मी खाटेशी बसले आणि त्याचा हात हातात घेतला. नुसता धरून ठेवला. तासभर झाला असेल. मग मला ती तडतड ऐकू आली, अगदी बारीक, तव्यावर काहीतरी पडावं तशी. खालच्या स्पीकरचा आवाज म्हणून मी उठायला गेले, तर हात सुटताच आवाज थांबला. पुन्हा धरला. पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी कार्ड धरलं तर मला दोन दिसला. मी विश्वास ठेवला नाही. खिडकीचा उजेड असेल, किंवा मला दोन हवाय म्हणून दोन दिसतोय. हा नियम केला त्या माणसाला हेच तर माहीत होतं. चार दिवसांनी तीन झाला. मग दादा उठून बसला आणि त्याने पाणी मागितलं. मी रोज दुपारी बसत राहिले. माझ्या हाताकडे मी बघत नव्हते. लिहिणाऱ्याने पाहायचं नाही, असं स्वतःला सांगत होते.

७

आज दादा स्वतः जिना उतरून कार्यालयात आला. मनगट पाच. मीच धरलं कार्ड, मीच लिहिलं. खडकावरच्या दहांपैकी आठ तुकड्यांनी जीव धरलाय, तेही त्याला सांगितलं. स्पीकरमधून अधूनमधून एखादी तडतड येते. तो ती ऐकत उभा राहिला आणि मला बरं वाटलं.

मग त्याचं लक्ष टेबलावरच्या दोन रिकाम्या ताटांकडे गेलं. दोन्ही माझीच होती.

"किती जेवलीस?" त्याने विचारलं.

"भूक लागते हल्ली."

त्याने कार्ड उचललं. "बाही वर कर. मी पाहतो, तू लिही. नियम आहे."

मी उजव्या हातात पेन्सिल घेतली आणि डावा हात टेबलावर ठेवला. त्याने कार्ड लावलं. होडीत त्याला आकडा सांगायला एक श्वास लागायचा. आता तो वाकून बघत राहिला. खिडकीतून उजेड थेट टेबलावर पडला होता. मी पाहायला नको होतं, पण पाहिलं. पहिल्या चौकोनाला कड नव्हती.

"पाच," दादा म्हणाला.

मी पाच लिहिला. इतक्या वर्षांत मी त्याचा आकडा कधी बदललेला नाही.

त्याने कार्ड खाली ठेवलं, पण माझा हात सोडला नाही. त्याची बोटं गरम होती आणि घट्ट होती. थोड्या वेळाने ती बारीक तडतड सुरू झाली. स्पीकर भिंतीपाशी होता आणि आवाज तिथून येत नव्हता.

"दादा, सोड," मी म्हणाले. "तुला पुरणार नाही."

"माझं झालंय, तू घे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.